मेलमधल्या फाइली उघडतात, खरं फोनमध्ये सापडत नाहीत. जातात कुठं?

जांबोटीकर गुरुजी · रविवार, संध्याकाळी ७.५०

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर आमचं गाव. मराठी शाळेत ३४ वर्षं शिकवून निवृत्त झालो. अडचण छोटी वाटेल, खरं माझा अख्खा आठवडा त्यात गेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांची एक वही आहे, २१० पानांची, जांभळ्या शाईत लिहिलेली. अभंग, गवळणी, भारुडं, थोड्या आरत्या. छापील पुस्तकातून नक्कल केलेली नव्हे. ज्या ज्या गावी पारायणाला गेले, तिथल्या जाणत्या माणसाला समोर बसवून, ऐकत ऐकत लिहून घेतलेली. पानांच्या कडेला चालीच्या खुणा आहेत. वहीच्या कडा झडायला लागल्या तेव्हा पुतण्या ती पुण्याला घेऊन गेला, एकेक पान स्कॅन केलं आणि गेल्या सोमवारी मला मेलनं पाठवलं. एकूण चार मेल. दर मेलमध्ये वहीचा एक भाग पीडीएफ करून, आणि पहिल्यात शिवाय वहीच्या पुठ्ठ्याचा फोटो.

आमच्या गावात रेंज धड नाही. म्हणून सोमवारी जांबोटीच्या स्टँडवर बसून मेल उघडले. पानं स्वच्छ दिसली. वडलांचं अक्षर इतक्या मोठ्या आकारात मी कधी बघितलंच नव्हतं, त्यात माझी गाडी निघून गेली तेही कळलं नाही. रात्री घरी सगळ्यांना दाखवावं म्हणून फोन काढला, तर पहिला भाग उघडला आणि बाकीच्यांवर नुसतं चक्र फिरत राहिलं.

त्यानंतर मी काय काय बघितलं ते सांगतो. क्रोममध्ये वरची तीन टिंबं दाबून डाउनलोडची यादी काढली. तिथं विजेचं बिल आणि पेन्शनचा एक कागद, बास. गॅलरीत पुठ्ठ्याचा फोटो नाही. ३२ जीबीचं मेमरी कार्ड घातलं आहे, ते रिकामं. पुतण्यानं सांगितलं म्हणून फोनमध्ये 'वही' असं टाइप करून शोधलं, काही आलं नाही.

फोन सॅमसंगचा, तीन वर्षांचा. घेतला तेव्हा दुकानात कन्नडमध्ये लावून दिला, तो तसाच आहे. मला कन्नड वाचता येतं, खरं 'आंतरिक संग्रहणे' म्हणजे फोनमधली नेमकी कुठली जागा, हे त्या शब्दावरून कळत नाही.

पारायण पुढच्या रविवारी बसतंय. रात्रीच्या जागराला पोरांच्या हातात वडलांच्या वहीतली पानं द्यायची असं मंडळानं ठरवलं आहे. खानापूरचा झेरॉक्सवाला म्हणतो, फाइल घेऊन या, तुमचा मेल उघडत बसायला वेळ नाही. फाइल कुठं आहे हेच मला माहीत नाही, तर मी काय घेऊन जाऊ? कुणी नीट समजावून सांगेल का?

लोंढा जंक्शन · रविवार, रात्री ८.१५

गुरुजी, फोन भरलाय असणार, म्हणून फाइल बसत नाहीत. एखादं क्लीनर अ‍ॅप टाका, नाहीतर सेटिंगमधनं जीमेलचं कॅशे आणि डेटा साफ करा, फोन बंद करून चालू करा. माझं असंच झालं होतं, मोकळं झालं बघा.

शहापूरचा दुरुस्तीवाला · रविवार, रात्री ९.०५

गुरुजी, नमस्कार. वरचं करू नका, थांबा. का नको ते सांगतो, त्यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. मी बेळगावात मोबाईल दुरुस्तीचं काम करतो आणि आठवड्यातनं दोन-तीन माणसं तरी हीच तक्रार घेऊन टेबलासमोर उभी असतात.

मेलमधल्या फाइलीवर बोट टेकवलं की ती उघडते. तेव्हा जीमेल ती फाइल आणतं खरं, पण तुम्हाला दाखवण्यापुरती. ठेवतं स्वतःच्या पोटात. त्याला कॅशे म्हणतात. जीमेलच्या पोटातली ही जागा फोन कुणाला दाखवत नाही, फाइल शोधायच्या अ‍ॅपलाही नाही. फोनला जागा लागली की त्यातलं जुनं आपोआप उडतं. तुमचा पहिला भाग घरी रेंज नसताना उघडतोय तो एवढ्यासाठीच की त्याची ती तात्पुरती प्रत अजून शिल्लक आहे. कॅशे साफ केलंत तर तीही जाईल.

काळजीचं कारण मात्र नाही. मूळ मेल गूगलच्या सर्व्हरवर आहेत. तुम्ही स्वतः मेल डिलीट करत नाही तोवर फाइली तिथंच राहतात, आणि डिलीट झालाच तर ३० दिवस ट्रॅशमध्ये सापडतो. त्यामुळं वडलांच्या वहीचं एक पानही गेलेलं नाही. ती तुमच्या फोनमध्ये अजून आलेली नाही, एवढंच.

आता ती आणायची कशी. जांबोटीला जाल तेव्हा मेल उघडा आणि अगदी तळापर्यंत सरकवा. तिथं फाइलीचं नाव लिहिलेला चौकोन असतो. त्या चौकोनात एक बाण आहे, खाली तोंड केलेला आणि त्याच्या खाली आडवी रेघ. फाइलीच्या नावावर बोट टेकवू नका, त्या बाणावर टेकवा. शेजारी तिकोनी चिन्ह असेल, ते वेगळं. ते दाबलं तर फाइल गूगल ड्राइव्हवर जाते, म्हणजे परत सर्व्हरवरच, फोनमध्ये नाही. गावात रेंज नसलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. बाण दिसला नाही तर फाइल उघडा, वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं आहेत, त्यात डाउनलोड मिळेल.

बाण दाबल्यावर स्क्रीन वरनं खाली ओढून बघा. उतरत असल्याची पट्टी दिसेल. स्कॅन केलेल्या पानांची फाइल जड असते, दोन काड्यांच्या रेंजवर वेळ लागतो. पूर्ण झाल्याची सूचना येईपर्यंत स्टँडवरनं हलू नका. पुष्कळ लोक बाण दाबतात, फोन खिशात घालतात, गाडीत बसतात आणि घाटात रेंज गेली की फाइल अर्धी राहते.

आता कुठं बघायचं. तुमच्या फोनमध्ये 'माय फाइल्स' नावाचं अ‍ॅप आहे, पिवळसर फोल्डरचं चित्र. समोर दिसलं नाही तर सगळी अ‍ॅपं दिसतात तिथं 'सॅमसंग' नावाचा गठ्ठा असतो, त्यात बघा. ते उघडलं की चित्रं, व्हिडिओ, कागदपत्रं असे कप्पे दिसतील. त्यातला एक डाउनलोडचा. तुमच्याकडं तो कन्नडमध्ये 'डौनलोडगळु' असा असेल. जीमेलवरनं बाण दाबून उतरवलेलं सगळं तिथं येतं. कुणी पाठवलं, कधी पाठवलं असे वेगळे कप्पे नसतात, सगळं एकाच ढिगात. म्हणून वरच्या बाजूला क्रम लावायची सोय आहे ती तारखेवर ठेवा, नवीन आधी. तुमची वही सगळ्यात वर येईल.

दुसरा रस्ताही सांगून ठेवतो. 'आंतरिक संग्रहणे' म्हणजे फोनची स्वतःची मेमरी, कार्ड सोडून जी असते ती. ते उघडलं की फोल्डरांची यादी लागते आणि त्यात 'डाउनलोड' नावाचा फोल्डर इंग्रजी अक्षरांतच दिसेल. फोन कन्नडमध्ये लावा, मराठीत लावा, ते नाव बदलत नाही, कारण ते फोल्डरचं खरं नाव आहे. बाहेरचे कप्पे तेवढे भाषेप्रमाणं बदलतात. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात.

खूण सांगतो. तिथं तुमचं विजेचं बिल दिसलं की समजा, बरोबर जागी आलात. क्रोमच्या यादीत फक्त क्रोमनं उतरवलेलं दिसतं, जीमेलचं तिथं कधीच दिसायचं नाही. पण फोल्डरमध्ये दोघांच्या फाइली शेजारी शेजारी पडलेल्या असतात.

मेमरी कार्डाचं म्हणाल तर जीमेल तिकडं उतरवतच नाही, म्हणून ते रिकामं. पुठ्ठ्याचा फोटोही बाण दाबल्यावर डाउनलोडमध्येच येईल. मग गॅलरीत अल्बमच्या यादीत 'डाउनलोड' नावाचा अल्बम दिसेल, कॅमेऱ्याच्या फोटोंत शोधू नका.

आणि 'वही' म्हणून शोधलंत तर कसं सापडेल? पुतण्यानं फाइलीला नाव बहुतेक इंग्रजी अक्षरांत दिलं असणार. फोन नावातली अक्षरं जशीच्या तशी जुळवतो, अर्थ बघत नाही. मेलच्या तळाच्या चौकोनात नाव कसं लिहिलंय ते बघा आणि तेच टाइप करा.

अनगोळकर · रविवार, रात्री १०.२०

गुरुजींचा फोन अँड्रॉइड आहे, पण पुढं कुणी आयफोनवाला हे वाचेल म्हणून दोन ओळी. आयफोनवर मेलमधली फाइल उघडून शेअरचं चिन्ह दाबायचं, चौकोनातनं वर जाणारा बाण. त्यात 'सेव्ह टू फाइल्स' घ्यायचं. कुठं ठेवू असं तो विचारतो. 'ऑन माय आयफोन' निवडलं तर फोनमध्ये राहते, आयक्लाउड निवडलं तर आयक्लाउडमध्ये. नंतर निळ्या फोल्डरचं फाइल्स अ‍ॅप उघडून बघायचं. हे अ‍ॅप २०१७ पासून आहे. फोटो असेल तर 'सेव्ह इमेज' केलं की सरळ फोटोंत जातो. कुठलं ठिकाण निवडलं ते लक्षात ठेवा, माझ्या बहिणीची हॉल तिकिटं दोन वेळा यातच अडकली होती.

जांबोटीकर गुरुजी · मंगळवार, दुपारी ३.१०

दुरुस्तीवाले भाऊ, तुमचे उपकार कसे मानू. सकाळच्या गाडीनं जांबोटीला गेलो, स्टँडवरून लिहितो आहे.

तुमचं उत्तर मी काल घरी कागदावर लिहून घेतलं आणि लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. शाळेत मी पोरांना रोज सांगायचो, फळ्यावर वाचलं म्हणजे झालं नाही, वहीत उतरवून घ्या. तास संपला की फळा पुसला जातो. मी स्टँडवर बसून फळा वाचून घरी गेलो होतो. आमच्या वडलांनीही आयुष्यभर तेच केलं, ऐकलं ते उतरवून घेतलं, म्हणून आज ती वही आहे. डाउनलोड ह्या शब्दाचा अर्थ मला आज पहिल्यांदा नीट कळला.

बाण दाबला. पहिल्या भागाला बराच वेळ लागला, पट्टी मध्येच थांबली, पुन्हा हलली. तीन भाग आणि पुठ्ठ्याचा फोटो उतरला. माय फाइल्स उघडलं, 'डौनलोडगळु'त गेलो. पहिली खूण विजेच्या बिलाची, ती पटली. त्याच्या वर माझ्या तीन फाइली. पुतण्यानं नाव इंग्रजी अक्षरांतच दिलं आहे, 'वही भाग १' असं. आणि पहिला भाग दोनदा आहे, दुसऱ्याच्या नावापुढं जास्तीचा १ आहे. मी बहुतेक दोनदा दाबलं.

चौथ्या भागाला मात्र बाणच नाही. बाकीच्या तिघांसारखा चौकोन नाही, नुसतं निळ्या अक्षरांतलं नाव. बोट टेकवलं तर दुसरंच अ‍ॅप उघडतं आणि म्हणतं, तुम्हाला प्रवेश हवा आहे, विनंती पाठवा. माझ्या वडलांची वही आणि मी कुणाकडं विनंती पाठवायची? त्या भागात जागराचे अभंग आहेत, नेमका तोच हवा आहे.

शहापूरचा दुरुस्तीवाला · मंगळवार, दुपारी ४.००

विनंती पुतण्याकडंच जाते, गुरुजी, दुसऱ्या कुणाकडं नाही. मन लावून घेऊ नका.

कारण असं. जीमेलवरनं एका मेलला २५ एमबीपर्यंतच फाइल जोडता येते. त्याच्या वर गेली की जीमेल ती फाइल आपोआप पाठवणाऱ्याच्या ड्राइव्हवर ठेवतं आणि मेलमध्ये फक्त तिचा पत्ता लावतं. चौथा भाग जड झाला असणार. म्हणजे तुमच्याकडं जे आलं ती फाइल नव्हे, पत्ता आहे. पाठवताना 'कुणाला बघू द्यायचं' असं विचारतात, तिथं त्यानं घाईत काहीतरी वेगळंच दाबलं असेल.

दोन मार्ग आहेत. एक, पुतण्याला फोन करा, तो ड्राइव्हवर जाऊन तुमच्या मेलच्या पत्त्याला परवानगी देईल. मग तुम्हाला फाइल दिसेल. तिच्या नावाशेजारच्या तीन टिंबांत डाउनलोड आहे, ते घ्या, ती त्याच डाउनलोड फोल्डरमध्ये येईल. त्याच यादीत 'ऑफलाइन उपलब्ध करा' असंही दिसेल. ते घेतलं तर रेंज नसताना वाचता येईल, पण फक्त ड्राइव्ह अ‍ॅपच्या आत. माय फाइल्समध्ये दिसायची नाही आणि झेरॉक्सवाल्याला देता यायची नाही. तुमच्या कामाला डाउनलोडच पाहिजे.

दुसरा मार्ग मला जास्त बरा वाटतो. पुतण्याला सांगा, चौथ्या भागाचे दोन तुकडे कर, दोन्ही २५ एमबीच्या आत बसव आणि दोन मेलनं पाठव. मग पहिल्या तिघांसारखा चौकोन येईल, बाण येईल.

दोनदा उतरलेल्यातली एक उडवली तरी चालते. ती फोनवरची प्रत आहे, ती उडवून मेलमधली जात नाही. फक्त आधी दोन्ही उघडून शेवटचं पान आलंय का बघा आणि पुरी असेल ती ठेवा.

फोन मराठीत करायचा असेल तर सेटिंग्जमध्ये जनरल मॅनेजमेंट, त्यात भाषा, तिथं मराठी जोडता येते.

लोंढा जंक्शन · मंगळवार, संध्याकाळी ६.३०

गुरुजी, माझ्या सांगण्यानं तुमचा पहिला भाग गेला असता, माफ करा. मला कॅशेचं हे माहीत नव्हतं. दुरुस्तीवाले दादा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलीपण ह्याच डाउनलोडमध्ये येतात काय? माझ्या रेशनच्या कागदाची पीडीएफ सापडंना.

शहापूरचा दुरुस्तीवाला · मंगळवार, रात्री ९.४५

नाही, व्हॉट्सअ‍ॅपचं घर वेगळं. अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा फोन असेल तर अंतर्गत मेमरीत 'अँड्रॉइड' फोल्डर, त्यात 'मीडिया', त्यात 'कॉम.व्हॉट्सअ‍ॅप', मग 'व्हॉट्सअ‍ॅप', मग परत 'मीडिया', आणि शेवटी 'व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स'. एवढं उतरायचं नसेल तर माय फाइल्समधल्या कागदपत्रांच्या कप्प्यात बघ, तिथं सगळीकडच्या पीडीएफ एकत्र दिसतात. नाव बदलून डीओसी आणि तारीख असं काहीतरी झालं असेल, म्हणून तारखेवरनं शोध.

एक फरक लक्षात ठेव. मेलची फाइल फोनमधनं गेली तरी मेलमधनं परत उतरवता येते. व्हॉट्सअ‍ॅपची जुनी फाइल फोनमधनं उडवली तर पुष्कळदा ती परत उतरत नाही, पाठवणाऱ्याकडनंच पुन्हा मागवावी लागते. रेशनचा कागद, शेताचा उतारा, दाखले असलं काही असेल तर मेलवरही एक प्रत घालून ठेव.

निपाणीची ताई · बुधवार, सकाळी ११.३०

गुरुजी, आम्ही निपाणीत झेरॉक्स सेंटर चालवतो, त्यामुळं पुढचं मी सांगते. फाइल सापडली की काम झालं असं वाटतं, पण खरी चूक दुकानात होते.

फाइल नेण्यासाठी मोबाईलला थेट लागणारा पेन ड्राइव्ह घ्या, ओटीजीवाला. तो फोनला लावला की माय फाइल्समध्ये वेगळा दिसतो. डाउनलोडमध्ये फाइल दाबून धरा, बाकीच्यांवर बोट टेकवून निवडा, आणि 'कॉपी' घ्या. 'मूव्ह' घेऊ नका, मूव्हनं फोनमधली निघून जाते. मग पेन ड्राइव्ह उघडून तिथं ठेवा, आणि काढायच्या आधी एकदा तिथनंच उघडून बघा.

झेरॉक्सवाल्यानं मेल उघडायला नाही म्हटलं ते एका परीनं तुमच्या भल्याचंच झालं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर लोक आपला मेल उघडतात आणि तसाच सोडून जातात. मागच्या पावसाळ्यात एका मुलीचा मेल आमच्या कॉम्प्युटरवर दिवसभर उघडा राहिला, तिच्या सगळ्या मार्कलिस्ट, आधार, बँकेचे कागद त्यात. मी संध्याकाळी बघितलं आणि बंद केलं, पण तोवर किती गिऱ्हाइकं त्या खुर्चीवर बसून गेली होती. तेव्हापासून दुकानात मी मेल उघडूच देत नाही, आणि दिवस संपताना गिऱ्हाइकांच्या फाइली कॉम्प्युटरवरनं काढून टाकते. तुम्हीही काम झाल्यावर समोर उभं राहून काढायला लावा.

आता छपाई. तुम्ही जांभळी शाई म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितेय. जुनी जांभळी शाई काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये फिकी राखाडी येते, आणि पिवळ्या पडलेल्या कागदाचा मागं डाग उठतो. अख्खा गठ्ठा काढायच्या आधी एकच पान काढून घ्या. रात्री देवळातल्या दिव्याखाली, हातभर लांबून वाचता येतंय का ते बघा. येत नसेल तर पुतण्याला काँट्रास्ट वाढवून परत फाइल करायला सांगा, किंवा तेवढी पानं रंगीत काढा. रंगीतचा खर्च सगळ्या पानांना परवडायचा नाही.

२१० पानं सगळ्यांना देऊ नका. जागराचे अभंग कुठल्या पानांवर आहेत ते आकडे कागदावर लिहून न्या. पण वहीतला पान नंबर आणि पीडीएफमधला पान नंबर एक नसतो बरं. भाग दुसऱ्याचं पहिलं पान म्हणजे वहीचं कदाचित ५६वं असेल. झेरॉक्सवाला पीडीएफचा नंबर टाकतो. आकडे फोनवर बघूनच लिहा.

जांबोटीकर गुरुजी · शुक्रवार, रात्री ९.१५

निपाणीच्या ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी वहीतलेच पान नंबर देऊन आलो असतो.

पुतण्यानं चौथ्या भागाचे दोन तुकडे केले. एक १९ एमबीचा, एक २२ एमबीचा. दोन्हींना चौकोन आला, बाण आला. काल जांबोटीला उतरवले, पूर्ण झाल्याची सूचना दोन्हींची बघितली, आणि तिथंच फोन विमान मोडवर टाकून पाचही फाइली शेवटच्या पानापर्यंत उघडून बघितल्या. मग घरी आलो. इथं काडीभर रेंज नाही आणि वही उघडते. पुठ्ठ्याचा फोटो गॅलरीत 'डाउनलोड' अल्बममध्ये आहे, जिथं तुम्ही म्हणालात तिथंच.

आज खानापूरला पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. पहिलं पान काढलं ते ताई म्हणाल्या तसंच फिकं आलं. मुलगा भला, त्यानं मशीनवर गडद करून दुसरं काढलं, ते बरं आलं. निवडलेली २४ पानं, पाठपोट, १५ प्रती. सगळी वही एक प्रत. माझ्यासमोर फाइली कॉम्प्युटरवरून काढायला लावल्या.

संध्याकाळी देवळात पोरांना वाटल्या आणि सराव झाला. चौथ्या भागात एका गवळणीच्या कडेला वडलांनी बारीक अक्षरात लिहिलंय, 'येथे पखवाज थांबवणे, फक्त टाळ.' वहीत ती ओळ शिवणीत गेली होती, मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. स्कॅन करताना पुतण्यानं शिवण सैल केली म्हणून ती बाहेर आली, आणि फोनवर दोन बोटांनी मोठं करून बघितल्यावर वाचता आली. आमचा आताचा पखवाजवाला ती गवळण सलग वाजवायचा, कारण त्याला सांगायला कुणी नव्हतं. आज तिथं थांबला. एवढे टाळ ऐकू आले की ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या उठून आत आल्या. त्यातली एक म्हणाली, तुझा बा असंच थांबायचा.

दुरुस्तीवाले भाऊ, ताई, अनगोळकर, लोंढ्याचे भाऊ, रविवारी वीणा उभी राहते आहे. जमलं तर या, चोर्ल्याच्या रस्त्यानं गाडी मिळते. भाग दुसऱ्यातलं, वहीच्या नंबरानं ८८वं पान उलटं स्कॅन झालं आहे, ते मी पुतण्याला उद्या कळवतो.